धामणे मॅडमनी लुटलेलं वाण

आता तुम्ही म्हणणार, शिक्षकावर लिहितोय म्हणजे पहिल्या पानावर फाटकी छत्री येणार, मधे कुठेतरी डोक्यावरून हात फिरवणार आणि शेवटी हार घातलेला फोटो. तसलं काही नाही. धामणे मॅडम ठणठणीत आहेत. रिटायर झाल्यात, नाशिकातच असतात. परवा फोनवर मला म्हणाल्या, "शेलार, तुमचा आवाज बसलाय, नकला जरा कमी करा." छत्री त्यांची चांगली नवी असायची, फक्त कुठेतरी विसरून यायच्या. आणि डोक्यावरून हात वगैरे त्यांनी कुणाच्याच फिरवला नाही. मला तर त्या 'अहो' म्हणायच्या. मी सव्वीस वर्षांचा, त्यांच्याच कॉलेजात तासिका तत्त्वावरचा मास्तर, नांदगावच्या शाळेत असताना हेडसरांचा खोकला हुबेहूब काढून दाखवायचा एवढंच माझं कर्तृत्व. मला पहिल्यांदा कुणी 'अहो शेलार' म्हटलं तेव्हा मी मागे वळून बघितलं, कोण आलंय म्हणून.

दुसरं तुम्हाला वाटेल, संशोधन करणाऱ्या बाई आहेत म्हणजे शेवटी काहीतरी शोध लागणार. लागला. पण टाळ्या वाजवण्यासारखा नव्हता. आम्ही पण वाजवल्या नाहीत.

मॅडमची लॅब तिसऱ्या मजल्यावर, जिना संपतो तिथे. आत एक इनक्युबेटर, त्यात त्यांच्या पेशी वाढत असायच्या. तो उघडायच्या आधी मॅडम त्याच्या दारावर टकटक करायच्या. खरंच. मी पहिल्या दिवशी विचारलं, मॅडम, आत कोण आहे? तर म्हणाल्या, "कुणी नाही हो, सवय आहे. एकदम दार उघडलं की मलाच कसंतरी होतं." खुर्चीला धक्का लागला तर खुर्चीला सॉरी. आणि तुम्ही कितीही भारी बातमी घेऊन जा, मॅडम, मशीन आलं, मॅडम, पेपर छापून आला, मॅडम, प्राचार्य बदलले, सगळ्यावर एकच प्रश्न, "बरं, मग?" त्यात टोमणा नसायचा. त्यांना खरंच पुढचं ऐकायचं असायचं. आणि आपल्याकडे पुढचं काहीच नसायचं.

मॅडमना लाज लय वाटायची. लाजऱ्या नव्हत्या हां. वर्गात आवाज असा की पलीकडच्या बिल्डिंगमधला कॉमर्सचा वर्ग गप्प बसावा. पण लाज वाटायची. रिक्षावाल्याला चुकून पुढच्या चौकात उतरवायला सांगितलं, तर दिवसभर, "त्या माणसाला उगाच वळसा पडला हो माझ्यामुळे." एकदा वर्गात शिकवताना त्यांनी सीडी-वन-डी नावाचा रेणू चुकून पहिल्या गटात टाकला. तो दुसऱ्या गटातला. कुणाच्या लक्षात येणार होतं? सगळी पोरं मोबाइलमध्ये. पण घरी गेल्यावर मॅडमच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी बाई कॉलेजच्या गेटवर उभ्या. येईल त्या पोराला थांबवून, "काल मी चुकीचं सांगितलं, सीडी-वन-डी दुसऱ्या गटात आहे. माफ करा." एक पोरगा म्हणाला, "मॅडम, मी बी.कॉम.ला आहे." मॅडम म्हणाल्या, "तरी असू द्या. कुणी विचारलं तर सांगा."

ही गोष्ट मी स्टाफरूममध्ये लय वेळा करून दाखवली. मॅडमचा आवाज मला पहिल्या आठवड्यातच सापडला होता. जरा नाकातून, वाक्याच्या शेवटी एक पायरी खाली उतरतो आणि थांबतो. मधेच कोटाच्या खिशात हात, खडू शोधायचा, आणि मिळाला की आपल्यालाच 'हां' म्हणायचं.

एकदा असंच चाललं होतं. मी मॅडम झालो होतो, आणि त्यांचं खिशाचं लेक्चर करत होतो. ते लेक्चर त्यांचं पेटंट. टी पेशी, म्हणजे शरीराची पहारेकरीण, तेलाला कशी ओळखते, यावर. मॅडम सांगायच्या, "टी पेशीला डोळे नसतात. तिला हात असतो. त्या हाताला आपण रिसेप्टर म्हणतो. ती चाचपून ओळखते, हे आपलं, हे परकं. आता प्रथिनाचा तुकडा असला तर दुसऱ्या पेशी तो ताटात वाढल्यासारखा तिच्यापुढे धरतात. पण तेल ताटात कसं धरणार? ओघळेल. म्हणून तेलासाठी ताट नाही, खिसा आहे. त्या खिशाचं नाव सीडी-वन." मग त्या एखाद्या पोराला उभं करायच्या, त्याच्या शर्टच्या खिशात पेन खोचायच्या. "तेलाची शेपटी आत गेली. टोपण बाहेर राहिलं. टी पेशी येते, टोपण चाचपते, आणि ठरवते."

मी हे सगळं साभिनय करत होतो, लोक हसत होते, आणि एकदम हसायचे थांबले. मागे मॅडम. मी म्हटलं, गेली नोकरी. मॅडम पुढे आल्या, माझ्याच खिशातलं पेन काढलं आणि म्हणाल्या, "आवाज बरा जमलाय. पण दुसरा भाग तुम्ही गाळलात. नक्कल अर्धी करू नका, पोरं परीक्षेत तेवढंच लिहितील." मग कोटातून खडूचा तुकडा काढून माझ्या खिशात टाकला. तो पार तळाला गेला.

"आता चाचपा. काय लागतं हाताला?"

मी म्हटलं, "खिसा."

"हां. काही तेलांना टोपणच नसतं. ती आत बुडून जातात. कातडीतल्या पेशींवर सीडी-वन-ए नावाचा खिसा असतो, त्यात असली तेलं बसतात. मग टी पेशी तेलाला हात लावतच नाही, खिशालाच लावते. एरवी मोठ्या टोपणाचं पेन अडवत असतं. ते निघालं आणि खडू आत गेला, की वाट मोकळी. कळलं?"

"कळलं मॅडम."

"नाही कळलं. पण उद्या माझा घसा बसलाय, लेक्चर तुम्ही घ्या. माझ्याच आवाजात घ्या, पोरं जागी राहतील."

घेतलं की. मॅडम मागच्या बाकावर बसून ऐकत होत्या आणि मी पुढे मॅडम होऊन शिकवत होतो. पोरं जाम खूश. मॅडमनी नंतर फक्त एवढंच विचारलं, "मी खरंच इतक्या वेळा 'हां' म्हणते? लाजच वाटली मला."

त्यांच्या डोक्यात पिंपळगावचं काम आलं ते या कातडीच्या खिशापायीच. पिंपळगाव बसवंतला हायवेच्या कडेला द्राक्षांची पॅकहाउसं आहेत. तिथे बाया टेबलाशी उभ्या राहून घड साफ करतात, खराब मणी कात्रीने कापतात, डब्यांत भरतात, माल परदेशी जातो. त्यातल्या बऱ्याच जणींच्या हातांना सीझनमध्ये खाज सुटते, पुरळ येतं, कातडी सोलते. मॅडमच्या डोक्यात आलं, द्राक्षावर ती पांढरट साय असते, ते मेण. मेण म्हणजे तेलाचाच भाऊ. ते तर या बायकांच्या कातडीतल्या खिशात जाऊन बसत नसेल? तसं असलं तर टी पेशी चवताळणारच.

कॉलेजच्या कमिटीची परवानगी काढली आणि जानेवारीत आम्ही पहिल्यांदा गेलो. माझ्या स्कूटीवर. मालकांना सगळे आप्पा म्हणतात. चांगला माणूस, लगेच हो म्हणाले. पण बाया हात दाखवेनात. ॲप्रनखाली घालून उभ्या. एकीने हात पुढे केले आणि मॅडमनी बघायला घेतले की लगेच मागे. शेवटी टेबलाच्या टोकाची एक बाई कात्री ठेवून म्हणाली, "घ्या, माझे बघा. या लाजत्यात. मला नाय लाज, मला खाज हाय."

ही रंजनाबाई. तिची कात्री अशी चालायची की बाकीच्या बाया एक डबी भरेपर्यंत हिची दुसरी अर्धी झालेली. मुकादम पण तिला विचारून टेबल लावायचा. बोटांच्या बेचक्यांत कातडी लाल झालेली, भेगा पडलेल्या. मॅडम तिचे हात धरून कितीतरी वेळ बघत होत्या.  परत येताना ओझरच्या पुढे आल्यावर स्कूटीवर मागून म्हणाल्या, "शेलार, आपण रिकाम्या हाताने जाऊन त्यांचे हात मागतो. मला फार लाज वाटली."

मी म्हटलं, "मॅडम, पुढच्या वेळी भेळभत्ता नेऊ."

पण मॅडमनी कॅलेंडर बघितलं. संक्रांत झालेली, रथसप्तमी यायची होती. पुढच्या खेपेला बाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पॅकहाउसवर. सगळ्या बायांना कुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि वाण लुटलं. वाण काय? इतर बायका चाळणी लुटतील, वाटी लुटतील, प्लास्टिकचा डबा लुटतील. मॅडमनी एका दुकानातून हाताला लावायच्या क्रीमच्या ट्यूबा आणल्या होत्या. गुलाबी, सुवासिक. स्वतः त्यांनी जन्मात असलं काही लावलेलं नाही, पण दुकानदार म्हणाला, बायकांना हे आवडतं. आणि आवडलंच. टेबलाभोवती असा किलबिलाट झाला की आप्पा ऑफिसातून बाहेर आले. रंजनाबाई ट्यूब नाकाला लावून म्हणाली, "आमच्या हळदीकुंकवाला कोनी एवढं भारी देत नाय बरं का."

त्या दिवशी मॅडम परत येताना स्कूटीवर गाणं गुणगुणत होत्या. बेसूर.

तिसऱ्या खेपेला आम्ही डॉक्टर घेऊन गेलो. सह्या घेऊन रक्त घेतलं. बायकांच्या तळहातावरून, बोटांच्या बेचक्यांतून कापसाचा बोळा फिरवून तो काचेच्या बाटलीत टाकला. या वेळी कुणी लाजलं नाही, सगळ्यांनी हात आपणहून पुढे केले. मॅडमनी शेवटी आपल्या हाताचा पण बोळा घेतला. त्यांचा नियमच होता. त्या हाताला काही लावत नसत, म्हणून त्यांचा हात म्हणजे ताडून बघायला आमचा कोरा नमुना. वास म्हणाल तर तिथे एकच, गंधकाचा. पेटीत द्राक्षांवर गंधकाचा कागद टाकतात, माल टिकावा म्हणून. तो नाकात बसला की दुसरं काही कळत नाही.

मग लॅबमध्ये काम. पुण्याच्या एका लॅबमधून मॅडमनी अशा पेशी आणल्या होत्या, ज्यांच्यावर सीडी-वन-ए आहे. त्यांना बोळ्यातून काढलेलं तेल द्यायचं, म्हणजे खिशात माल भरायचा. मग त्यावर बायकांच्या रक्तातल्या टी पेशी सोडायच्या. ओळख पटली की टी पेशी एक द्रव्य सोडतात, आणि आमच्या चाचणीच्या प्लेटमधल्या छोट्या खड्ड्यातलं पाणी पिवळं होतं. नाही पटली तर साधं पाणी.

पिवळं झालं. गडद पिवळं. रंजनाबाईंच्या टी पेशी तर सगळ्यांत चुणचुणीत. ज्या पेशींवर तो खिसाच नाही, तिथे पाणीच. म्हणजे काम खिशाचंच, गडबड काही नाही. मॅडमच्या हाताचा बोळा, पाणी. मी नाचलो. मॅडम म्हणाल्या, "बरं, मग? नुसत्या द्राक्षावरचं मेण टाकून बघा."

ते टाकलं, तर काहीच नाही. पाणी.

मॅडम दोन दिवस अस्वस्थ होत्या. मग त्यांनीच त्यातून वाट काढली. मेण हातावर आल्यावर घामाने, उन्हाने बदलत असेल, म्हणून द्राक्षावरचं चालत नाही आणि हातावरचं चालतं. पटण्यासारखं होतं. मला तर काय, मॅडमच्या आवाजात सांगितलेलं काहीही पटतं.

त्याच सुमारास कॉलेजात बागायतदारांसाठी कार्यक्रम झाला. आमच्या विभागप्रमुखांनी मॅडमना आग्रह करून उभं केलं. मॅडम जपून बोलल्या. 'असं दिसतंय', 'अजून पक्कं नाही', 'आणखी तपासायचंय', प्रत्येक वाक्याला एक शेपूट. पण ऐकणारा शेपूट कशाला नेतो घरी? आप्पा पहिल्या रांगेत होते. त्यांनी एवढंच नेलं, की काही बायांना द्राक्षाचं मेण चालत नाही, आणि सगळ्यांत जास्त रंजनाला.

आठवड्याने मी कामाला म्हणून पॅकहाउसवर गेलो, तर टेबलाच्या टोकाला दुसरीच बाई. मुकादमाला विचारलं. म्हणाला, "आप्पा म्हनले, तिला बसवू नका. मॅडमच म्हनल्या ना, तिच्या हातांना चालत नाय. उद्या हात सडले तर नाव आपलं." मी मॅडमना येऊन सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आप्पांना फोन केला. आप्पा म्हणाले, अहो, तिच्या भल्यासाठीच केलं.  मॅडमचं स्वतःचंच म्हणणं होतं ते. पण त्या दिवसापासून त्या डबा अर्धा ठेवून उठायला लागल्या. "शेलार, पक्कं करायला पाहिजे. त्या बाईची टेबलावरची जागा गेली माझ्या एका 'असं दिसतंय' वर."

म्हणून सगळं पुन्हा लावलं. नवीन कोरा नमुना, म्हणजे मॅडमचा हात. सकाळी त्यांनी बोळा दिला, दुसऱ्या दिवशी मी चाचणी वाचायला घेतली, तर मॅडमचा खड्डा पिवळा. रंजनाबाईंच्या टी पेशी मॅडमच्या हाताच्या तेलावर धावून गेल्या होत्या. बाकी सगळ्यांपेक्षा जास्त.

मी म्हटलं, "मॅडम, काहीतरी अदलाबदल झाली."

मॅडमनी प्लेट उजेडात धरून बघितली. मग स्वतःचे हात बघितले. मार्च सुरू, पण दिवसातून इतक्यांदा हात धुऊन त्यांच्या हातांना भेगा पडलेल्या. त्यांनी ड्रॉवर उघडला. आत त्याच गुलाबी ट्यूबा, वाण लुटून उरलेल्या. एकीचं टोपण उघडलेलं.

"काल सकाळी लावली," मॅडम म्हणाल्या. "फुकट जातेय म्हणून."

  मॅडमनी मुकादमाच्या बायकोला फोन लावला, ती पण टेबलावरच काम करायची. स्पीकरवर होता, मी ऐकलं. "हो, लावली होती की. तुमी येनार म्हनून सगळ्यांनी लावली. तुमचंच वाण, आनि तुमच्यापुढं भेगाळलेले हात कसे करायचे? बरं दिसतं का ते?"

मॅडमनी फोन ठेवला. मी क्रीम थेट चाचणीत टाकली. पिवळं. द्राक्षाचं मेण पुन्हा टाकलं. पाणी. क्रीमच्या सुवासाचं तेल, टोपण नसलेलं, आत बुडून बसणारं, खडूसारखं. आमच्या टी पेशी इतके दिवस द्राक्षाला नाही, मॅडमच्या वाणाला ओळखत होत्या.

विभागप्रमुखांना कळलं तेव्हा त्यांना आनंद झाला. म्हणाले, "अहो मॅडम, हेच छापा. सुवासिक तेल, सीडी-वन-ए, टी पेशी. झकास आहे." मॅडम म्हणाल्या, "सर, सुवासाची तेलं त्या खिशात बसतात हे इतरांनी आधीच दाखवलंय. मीच वर्गात शिकवते. आपण नवीन काय केलं? आपण एका बाईला घरी बसवलं."

"मग एक सविस्तर मेल टाका आप्पांना."

"मेल नाही," मॅडम म्हणाल्या. "जाते मी."

सीझन संपायला अजून अवकाश होता, म्हणून दुसऱ्याच दिवशी निघालो. मॅडम मागे बसून काय बोलायचं ते घोकत होत्या. मला आरशात त्यांचे ओठ हलताना दिसत होते. पॅकहाउसवर पोचलो, आप्पा ऑफिसात बोलावत होते, पण मॅडम तिकडे गेल्याच नाहीत. सरळ टेबलापाशी. आप्पा मागोमाग आले. बायांच्या कात्र्या चालू होत्या. मॅडम म्हणाल्या, "माझं चुकलं. तुमच्या हातावर द्राक्षाचं मेण नव्हतं, मी दिलेली क्रीम होती. मेणाचा काही दोष दिसत नाही. क्रीम कुणी लावू नका, माझ्याकडे परत द्या. आणि आप्पा, रंजनाबाईंना काढलंत ते माझ्या चुकीच्या बोलण्यावरून. त्यांना परत घ्या."

कात्र्या थांबल्या. एका पोरीला हसू आलं, ते तिने ॲप्रनमध्ये दाबलं. मला वाटलं आप्पा चिडणार. आप्पा म्हणाले, "एवढंच ना मॅडम? शास्त्रात असं व्हायचंच. येऊ द्या तिला उद्यापासून, मला काय." आणि पोऱ्याला चहा सांगितला. इतक्या सोप्यात झालं. जितक्या सोप्यात तिला काढलं, तितक्याच सोप्यात. मॅडमचा चेहरा आणखीनच उतरला.

चहा न घेता आम्ही रंजनाबाईंच्या घरी गेलो. हायवे ओलांडून वस्ती आहे, तिथे. ती दारापुढे कांदे निवडत बसली होती. उठली नाही. मॅडम उभ्याच. मीही उभाच. मी बघितलं, तिच्या हातांची कातडी पार मनगटापर्यंत लाल होती, जानेवारीत होती त्याच्या दुप्पट. मॅडमनी पण बघितलं.

मॅडमनी सांगायला घेतलं. घोकलेलं सगळं विसरल्या. "रंजनाबाई, माझी क्रीम, ती..." एवढं बोलून थांबल्या.

"क्रीम संपली," रंजनाबाई म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ लावली मी. बाया नुसत्या तुमच्यापुढं मिरवायला लावत व्हत्या. मी औषध म्हनून लावली. एवढ्या शिकलेल्या बाईनं हात बघितले, मंग ट्यूब दिली, म्हंजे औषधच आसंल. संपल्यावर शेजारनीची पन मागून घेतली."

मॅडम खाली बसल्या, कांद्याच्या पातीवर. त्यांना एवढंच माहीत होतं की बायांनी नमुन्याच्या दिवशी लावली. हे माहीत नव्हतं.

"ती लावू नका," मॅडम म्हणाल्या. "त्यानेच वाढलंय. चूक माझी आहे. मेणाचं मी बोलले ते खोटं निघालं. मी आप्पांना सांगून आले, उद्यापासून तुम्ही परत..."

"आप्पांकडं जाऊन आल्या?"

"हो. आत्ताच. सगळ्यांसमोर सांगितलं."

रंजनाबाईने हातातला कांदा टोपलीत टाकला. जोरात नाही.

"म्हंजे आता पन आधी तिकडं. मागं तुमी कालेजात बोलल्या, आप्पांनी ऐकलं. आप्पांनी मुकादमाला सांगितलं. मुकादमानं मला सांगितलं, येऊ नको. का, तर तुझ्या रक्तात आसं आसं निघालं. माझ्या रक्तात काय निघालं ते गावाला ठावं, आनि मला मुकादमाच्या तोंडून. एक डाव येऊन म्हनल्या का, रंजना, आसं आसं हाय? फोन नाय माझ्याकडं? सही घेताना नंबर घेतला व्हता ना? आनि आज चूक सापडली, तर परत आधी मालकाकडं. टेबलावरच्या बायांना सांगितलं, त्या खिदळल्या आसतील. आता मी उद्या जाईन तवा सगळ्यांना माहीत, आनि मला येगळं काय सांगनार तुमी? उरलंय काय?"

मॅडमनी मान खाली घातली होती. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या. रस्त्यावरून कांद्याचे ट्रॅक्टर जात होते, शेजारच्या दारात दोन बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. ज्या बाईच्या आवाजाने कॉमर्सचा वर्ग गप्प बसायचा, तिला एक वाक्य जमेना. मला ते बघवेना. मला जे येतं तेच मी केलं. त्यांचाच आवाज लावला, शेवटची पायरी खाली उतरणारा, आणि म्हटलं, "बघा रंजनाबाई, त्याचं असं आहे, कातडीतल्या पेशींना एक खिसा असतो..."

"ए पोरा," रंजनाबाई म्हणाली. "तू गप. तुला विचारलं का कोनी? हात तुझे हायेत का? का क्रीम तू वाटली व्हती? मघापासून बघते, बाई बोलाया लागली की तुझं तोंड हलतं. तिला लाज वाटती तर वाटू दे की, तू कशाला मधे पडतो? ती काय लहान हाय? जा, गाडीपाशी उभा ऱ्हा. आनि मॅडम, तुमी वर बघा. पहिल्यापासून सांगा, तुमच्या तोंडानं सांगा. मला नाय समजलं तर मी परत विचारीन, आनि परत सांगायचं. कांदे निवडता निवडता ऐकते मी, मला येळ हाय. तुमीच दिलाय."